आमच्या साडूंचं ‘याच्यापेक्षा’

देवाने हे जग घडवलं तेव्हा आमच्या साडूंना विचारलं नाही, ही त्याची चूकच झाली, आणि ती चूक साडू गेली पस्तीस वर्षं जमेल तशी दुरुस्त करत आले आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. त्यांच्या मते जगात दोनच जागा आहेत. एक नागपूर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख, दुसरी म्हणजे उरलेलं सगळं. त्या उरलेल्यात ते जातात ते पाहायला नव्हे, तपासायला. महाबळेश्वरच्या कड्यावर आम्ही सगळे गारठून ‘वा, वा’ करत उभे होतो, तेव्हा यांनी स्वेटरची बटणं लावत निकाल दिला, "याच्यापेक्षा रामटेकच्या गडावरून बरं दिसते." काश्मीरच्या सरोवराला त्यांनी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या खालचा नंबर दिला. ताजमहालापाशी मात्र ते बराच वेळ गप्प होते, म्हणून ताईंच्या मनात आशा पालवली. शेवटी म्हणाले, "पांढरा आहे. मळत असन."

प्रवासाला निघताना त्यांच्या बॅगेत कपडे असतात, पण ते उरलेल्या जागेत. आधी जवसाची चटणी, मग लसणाचं तिखट, मग गव्हाचं जाडं पीठ, कारण परक्या मुलखात कधी निखाऱ्यांवर रोडगे भाजायची वेळ येईल सांगता येत नाही. आजवर ती कधी आलेली नव्हती, तरी पीठ मात्र काश्मीर पाहून आलं होतं. दुसरी गोष्ट चमच्याची. चमच्याने जेवणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर आजारी असतो, नाही तर गर्विष्ठ. लग्नाच्या पंगतीत कुणी त्यांच्या ताटाशी चमचा ठेवला की ते तो दोन बोटांनी उचलून परत देतात आणि विचारतात, "काहून गा, मले काय दवाई द्यायची आहे काय?" जेवणाआधी आणि जेवणानंतर ते कोपरापर्यंत हात धुतात, आणि पाचही बोटं भातात घातल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही असं त्यांचं शास्त्र आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि आम्ही नेतोही. पण एक गोष्ट ताईंनी माझ्या बायकोला सांगितली तेव्हापासून मला नीट हसता येईना. साडूंनी हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या आणि सुटीचा प्रत्येक दिवस उमरेडच्या बाजूला असलेल्या आपल्या पाच एकर वावरात घालवला. कारखान्यात त्यांचं शरीर जायचं, बाकी सगळे साडू वावरात असायचे. पूर्वी त्यांच्या प्रत्येक ‘याच्यापेक्षा’च्या पुढे ते वावर यायचं. याच्यापेक्षा आपल्या वावरातली तूर, याच्यापेक्षा आपल्या वावरातलं पाणी. चार वर्षांपूर्वी ते कोळशाच्या खाणीत गेलं. रीतसर गेलं, मोबदलाही मिळाला, आता तिथे खड्डा आहे आणि तो वर्षागणिक खोल होतो आहे. तेव्हापासून साडूंच्या तोंडी वावर हा शब्द आलेला नाही. रामटेक येतं, अंबाझरी येते, वावर नाही. उमरेडची एसटी समोर दिसली तरी ते मान फिरवतात. ताई म्हणाल्या, "एकदा नाव घेतलं असतं, रडले असते, त मले बरं वाटलं असतं. माणूस आतल्या आत करपून राहिला वं."

म्हणून गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीने आम्हा चौघांची बाली बेटाची तिकिटं काढली, तेव्हा ताई गुडघेदुखी विसरून तयार झाल्या. त्या बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे असं त्यांनी ऐकलं होतं. "पाहू," त्या म्हणाल्या, "त्याच्यासमोर तरी हे काही बोलतात का."

बेट इतकं हिरवं की डोळ्यांना सवय व्हायला दोन दिवस लागले. आम्ही बेचाळीस अंशांतून आलो होतो. आमच्या गल्लीत तेव्हा एकच गोष्ट हिरवी होती, ती म्हणजे कूलरवर चढलेलं शेवाळ. इथे भिंतींना नेचे फुटलेले, देवळांच्या छपरांवर गवत, डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापून त्यावर धान. साडूंनी ते धान चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "रामटेककडे याच्यापेक्षा सपाट राहते." आमच्या वाटाड्याचं नाव होतं वायान. साडूंच्या कानाला ते ‘वाहन’ ऐकू आलं आणि तेच कायम झालं. "नाव वाहन अन् आपल्याले चालवून राहिला पायी," असं ते त्याच्यासमोरच म्हणायचे, आणि तो बिचारा कौतुक समजून हात जोडायचा.

ज्वालामुखीच्या दिवशी ताई आणि माझी बायको पायथ्याच्या एका शेतात, झोपडीच्या सावलीत थांबल्या. आम्ही तिघे वर गेलो. वर खडकांच्या फटींतून वाफ येत होती. वायानने त्या वाफेत अंडी ठेवली आणि दहा मिनिटांत उकडून आमच्या हातावर दिली. मी थक्क झालो. साडूंनी पाठीवरची पिशवी उतरवली. "अंडे काय उकडून राहिला गा वाहनभाऊ," ते म्हणाले, "थांब." आणि काश्मीर पाहून आलेल्या पिठाचा तो दिवस उगवला. बाटलीतल्या पाण्याने त्यांनी कणीक मळली, सहा रोडगे वळले आणि पृथ्वीच्या पोटातल्या आगीवर ठेवून दिले. रोडग्याला विस्तव लागतो, वाफेवर तो भाजत नाही, हे कुठल्याही नागपूरकराला कळतं. त्यांनाही कळत होतं, पण समोर एवढी आग फुकट चाललेली त्यांना पाहवेना. अर्ध्या तासाने दाताला चिकटणारं काहीतरी तयार झालं. वायानने भक्तिभावाने दोन खाल्ले. साडू म्हणाले, "याच्यापेक्षा गोवऱ्या बऱ्या."

मग आम्ही अगदी कडेला गेलो. खाली प्रचंड काळं विवर होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, आता रामटेक येतं की अंबाझरी. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते एवढंच म्हणाले, "खड्डा आहे." पुढे याच्यापेक्षा वगैरे काही आलं नाही. मला उगीच वाटलं, आणायला नको होतं यांना इथे.

आम्ही खाली उतरलो. पायथ्याच्या शेतात एक म्हातारी कांद्याच्या वाफ्यात बसली होती आणि ताई तिच्याशी नागपुरीत, ती ताईंशी तिच्या भाषेत, अशा दोघी मजेत बोलत होत्या. ही सगळी जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि जुन्या लाव्हाची, म्हणून एवढी काळी आणि पिकाऊ, असं वायानने हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगितलं. साडू खाली बसले. त्यांनी मूठभर माती घेतली, घट्ट दाबून तिचा लाडू केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून दिला. लाडू पडला आणि अलगद फुटला. आपल्याकडे पेरणीआधी ओल बेताची आहे का, हे असंच पाहतात. म्हातारीने ते पाहिलं, हसली, स्वतः एक लाडू केला आणि सोडला. तोही फुटला.

"वापसा आहे," साडू म्हणाले. मग मातीवरचा हात न उचलता, "पाह्य वं. आपल्या वावरासारखीच आहे."

ताईंनी तोंडाला पदर लावला. साडूंचे खांदे हलत होते, आणि म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, तिने त्यांच्या ओंजळीत आणखी माती घातली. खरं सांगायचं तर ती माती तशी नव्हती. उमरेडची माती चिकट, पायाला धरून ठेवणारी. ही वाळूसारखी रवाळ. पस्तीस वर्षं काश्मीरलासुद्धा सूट न देणाऱ्या माणसाने परक्या मुलखाच्या पदरात ढळढळीत जास्तीचे मार्क टाकले होते, आणि मी ते तपासले नाहीत.

माती बरोबर नेता येणार नाही, विमानतळावर अडवतील, असं वायानने बजावलं होतं. साडूंनी मुकाट्याने ओंजळ रिकामी केली. संध्याकाळी वायानसह हॉटेलात जेवायला बसलो. भात आला, ताईंनी जवसाच्या चटणीची पुडी सोडली. साडू हात धुवायला उठले नाहीत. उजवा हात त्यांनी मांडीवर अर्धवट मिटून ठेवला होता, बोटांच्या रेघांत आणि नखांत काळं तसंच होतं. मला वाटलं, विसरले. मी काही बोलणार तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी आपलं ताट पुढे ओढलं.

साडूंनी डाव्या हाताने वायानला खूण केली.

"वाहनभाऊ," ते म्हणाले, "एक चमचा देजो गा."