बिशान ते बेडोक, श्रीखंडासकट

ज्या वयात माणसं गुडघ्यांच्या डॉक्टरची चौकशी सुरू करतात, त्या वयात निशिकांतने स्पोर्ट्‌स कार घेतली. तीही शोरूममधली नव्हे. कुणा निवृत्त वैमानिकाने परदेशातून सुट्या भागांचं किट मागवून हौसेने स्वतः जोडलेली, हिरवी, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. दारं नव्हती. आत बसायचं तर आधी एक पाय टाकायचा, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग दुसरा. छत आणि बाजूचे पडदे कापडी, बटणांनी लावायचे. सिंगापुरातल्या एका बँकेत इंटर्नल ऑडिटला असलेला, शर्टाच्या बाह्या कधीही न दुमडणारा हा गृहस्थ त्या गाडीतून बिशानच्या कार पार्कमधून बाहेर पडला, की इमारतीखालच्या कॉफी शॉपमधल्या आज्या हातातला चहा टेबलावर ठेवून बघत.

गाडी दिसायला झकास होती, त्यात वाद नाही. पण इंजिन पायांच्या पुढे, गिअरबॉक्स दोघांच्या मध्ये आणि सायलेन्सर बायकोच्या कुशीला. तिन्हीकडून ऊन लागल्यासारखी धग, वर सिंगापूरचं खरं ऊन, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाने गळा फोडला तरी फक्त तोंड हललेलं दिसावं.

त्या वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी बेडोकला सुलेखा आणि मनोहर यांच्याकडे नेहमीच्या मराठी मंडळींचं जेवण होतं. श्रीखंड निशिकांतच्या बायकोकडे, नीलिमाकडे. रात्रभर टांगलेला चक्का, वेलदोडा, केशर, सगळं बायकोने मन लावून केलं आणि नवऱ्याने डबा नेमका त्या गिअरबॉक्सच्या बोगद्याला टेकवून ठेवला. बेडोकला पोचल्यावर सुलेखाने झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि वाट्या उचलून ग्लास मांडले.

"पीयूष छान झालंय हो," मनोहर दुसरा ग्लास रिकामा करून म्हणाला. हा मनोहर वाईट माणूस नाही, पण कुठे गप्प बसावं हे त्याला साठी उलटली तरी कळलेलं नाही.

परतताना नीलिमा एमआरटीच्या ट्रेनने आली. घरी आल्यावर पोटरीवरच्या भाजल्याच्या लाल चट्ट्याला कोरफड लावता लावता तिने जाहीर केलं, "ज्या दिवशी त्या गाडीतून श्रीखंड श्रीखंड म्हणूनच बेडोकला पोचेल आणि मला माझं स्वतःचं बोलणं ऐकू येईल, त्या दिवशी मी बसेन. तोवर तुम्ही आणि तुमची ती भट्टी."

मेलबर्नला शिकायला गेलेल्या लेकीने, क्षिप्राने, फोनवर सगळं ऐकून सिंगापुरी थाटाच्या इंग्रजीत निकाल दिला, "बाबा, जस्ट बाय अ नॉर्मल कार, कॅन?"

कॅन नव्हतं. जमणारंच नव्हतं. का ते निशिकांतने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. लग्न झालं तेव्हा पुण्यात त्याच्याकडे स्कूटर होती. नीलिमा मागे बसायची आणि कोथरूडपासून कॅम्पपर्यंत त्याच्या कानाशी अखंड बोलायची. सासूबद्दल, ऑफिसबद्दल, समोरच्या बाईच्या पदराबद्दल. पुढे सिंगापूर आलं, क्षिप्रा आली, घर तिच्या बडबडीने भरलं. ती मेलबर्नला गेली आणि घर एकदम गप्प झालं. आता नीलिमा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये व्हॉट्सॲप करायची, "जेवण तयार", आणि निशिकांत अंगठ्याचं चित्र पाठवायचा. भांडण नव्हतं. तेच तर वाईट होतं. निशिकांतला बायकोची आठवण येत होती, आणि बायको तर घरातच होती. दोन सीटची, एकमेकांना खांदा लागेल अशी गाडी पाहिली तेव्हा त्याला इंजिन दिसलंच नव्हतं. ती शेजारची सीट दिसली होती.

तेव्हा आवाज आणि उष्णता, दोन्ही शत्रू बाहेर काढायचे असं ठरवून तो कामाला लागला. बिशानच्या शेजारीच सिन मिंगला गॅरेजांची रांगच आहे. तिथल्या एका गॅरेजवाल्याने मागचा कोपरा शनिवार-रविवार वापरायला दिला. निशिकांतने सीट काढल्या, जुने गालिचे खरवडले, आणि इंटरनेटवर वाचून वाचून या विषयात बोलायला कुणी भेटेना इतका तयार झाला. पत्र्याची थरथर थांबवायला डांबरासारखी काळी, चिकट, चंदेरी पाठीची शीट. तिच्यावर पाणी न पिणारा फोम. त्यावर जाड नमद्याचा थर. सायलेन्सरला बँडेजसारखी गुंडाळायची पट्टी. गॅरेजवाला येता-जाता डोकावून विचारायचा, "अंकल, दिस वन कार ऑर फ्रिज?"

शीट पत्र्यावर दाबून बसवायला छोटा रोलर लागतो. तो मागवायचा, यायची वाट पाहायची, एवढा धीर कुणाला? निशिकांतने घरातलं लाटणं नेलं. काम उत्तम झालं. लाटणं त्याने रॉकेलसारख्या कशाने तरी पुसून, जसं होतं तसं, म्हणजे त्याच्या मते जसं होतं तसं, जागेवर ठेवलं. त्या संध्याकाळी पोळ्यांना पेट्रोल पंपाचा वास आला. नीलिमाने एक घास खाल्ला, लाटणं नाकाशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने सेरंगूनच्या देशी बाजारात जाऊन नवं लाटणं आणलं आणि जुनं त्याच्या ऑफिसच्या बॅगेत, लॅपटॉपशेजारी, ठेवून दिलं. मीटिंगमध्ये ते बाहेर आलं तेव्हा त्याने ते ऑडिटचं साहित्य असल्यासारखं शांतपणे बाजूला ठेवलं.

आता फटी शोधणं हा तर या माणसाचा पोटापाण्याचा उद्योग. आवाज केसाएवढ्या फटीतूनही येतो हे त्याने वाचलं होतं. मग काय! वायरी जिथून आत येतात ती भोकं बुजवली, पेडलांभोवतीची बुजवली, आणि फरशीच्या पत्र्यात चार कोपऱ्यांत चार भोकं दिसली तीही त्याने चिकट शीटचे दुहेरी तुकडे लावून, लाटण्याने दाबून, पक्की बंद केली. वैमानिकाच्या हातून राहून गेली असावीत, असं मनाशी म्हणून त्या भल्या माणसाला त्याने उदारपणे माफही केलं.

पुढचा पाडवा आला. पुन्हा रविवार, पुन्हा बेडोक. नीलिमाने पोटरी झाकेल असा सलवार-कमीज घातला, श्रीखंडाचा डबा पायांशी ठेवला आणि आता वितळणार नाही या निशिकांतच्या हमीवर, शब्दाला जागून, गाडीत बसली. निशिकांतने किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली, बस इतकंच. ब्रॅडेल रोडला लागेपर्यंत त्याने दोनदा बोगद्याला हात लावून पाहिला. कोमट. आवाज? पीआयई हायवेवर बाजूने ट्रक गेला तोही कुणी दुसऱ्या खोलीत कपाट सरकवावं तसा ऐकू आला. निशिकांत जिंकला होता.

"शांत आहे," नीलिमा म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला.

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

एक फ्लायओव्हर गेला, दुसरा गेला. निशिकांत बोलायला काहीतरी शोधू लागला. क्षिप्राबद्दल कालच बोलून झालं होतं. हवा समोरच दिसत होती. वर्षभर त्याने सगळा दोष इंजिनाला दिला होता, आणि आता इंजिन बिचारं गप्प होतं. घरातली शांतताच त्याने मोठ्या मेहनतीने, थरावर थर देऊन, गाडीत आणून बसवली होती. नीलिमाने पर्समधून फोन काढला तेव्हा तर त्याला वाटलं, आता ही शेजारी बसून मेसेज करणार.

तेवढ्यात आभाळ फाटलं. एप्रिलमधल्या दुपारी इथे पडतो तसा, पूर्वसूचना न देता, बादल्या उपडी करणारा पाऊस. कापडी छताच्या बटणांमधून आधी थेंब आले, मग धार आली, मग दोन धारा.

"अहो, पायाला पाणी लागतंय!"

"जाईल खालून."

"कुठून खालून? घोटे बुडले!"

आणि निशिकांतला ती चार भोकं आठवली. वैमानिक मूर्ख नव्हता. भोकं पाणी जायलाच ठेवलेली होती, आणि तीच त्याने सील केली होती. गाडी आता आवाजाला, उष्णतेला आणि पाण्याला, तिन्हींना तितकीच घट्ट होती. श्रीखंडाचा डबा तरंगायला लागला, गिअरबॉक्सवर आपटून परत फिरला आणि नवऱ्याच्या ब्रेकवरच्या पायाकडे निघाला.

"डबा धर! ब्रेकखाली जाईल!"

"मी डबा धरू की छत धरू?"

निशिकांतने कशीबशी गाडी हायवेवरून बाहेर काढून पहिल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली आणली. नीलिमाने डबा मांडीवर घेतला, ओढणी पिळली आणि विचारलं, "भोकं होती कुठे?"

त्याने मान खाली घालून दाखवलं. तिने गाडीच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, वाकली, पाण्यात हात घालून चटई उचलली आणि वर्षभराचा राग त्या शीटवर काढला. लाटण्याचा तर नक्कीच काढला. एक भोक फुटलं, दुसरं फुटलं. निशिकांतने आपल्या बाजूची दोन फोडली. पाणी गटागटा आवाज करत पंपाच्या फरशीवर गेलं. पेट्रोल भरणारा म्हातारा म्हणाला, "वा, अंकल, युवर कार गो टॉयलेट." नीलिमा अशी हसली की तिला डबा बाजूला ठेवावा लागला. निशिकांत तिच्याकडे बघत राहिला. हे हसणं त्याने शेवटचं कधी ऐकलं होतं, त्याला आठवेना.

पुन्हा हायवेवर आले तेव्हा चारी भोकांतून रस्ता आत ओरडत होता. नीलिमा काहीतरी बोलली, त्याला ऐकू आलं नाही. ती सरकली, त्याच्या खांद्याला रेलली आणि थेट कानात ओरडली, "श्रीखंडात साखर कमी पडलीय! कुणाला सांगू नका!" मग मनोहरच्या बढाया निघाल्या, मग सुलेखाचे नवे पडदे, मग गेल्या वर्षभरात ती कुणाला, का आणि काय बोलली नव्हती ते सगळं. बेडोक येईपर्यंत तिचा श्वास त्याच्या कानाला लागत होता.

सुलेखाने या खेपेला सावधपणे आधीच ग्लास मांडले होते. डब्यात चमचा उभा राहिला, तेव्हा तिने ते ग्लास परत कपाटात ठेवले.

रात्री घरी परतताना निशिकांत मोठ्याने म्हणाला, "शनिवारी सिन मिंगला जातो. त्या भोकांना काढता-घालता येतील अशी रबरी बुचं बसवतो. मग आवाजही येणार नाही."

नीलिमा वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "काही बुजवू नका."

त्याला लख्ख ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला, "काय?"