काशीदला हरवलेली चार वर्षं

मारुतराव जगदाळ्यांना समुद्राचं वेड लागलं ते रिटायर झाल्यावर. मूळचे माण तालुक्यातले, म्हणजे विहिरीच्या तळाला पाणी चमकलं तरी माणसं हात जोडतात तिथले. तरुणपणी कळव्याला आले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले आणि हयातभर शिफ्टा केल्या. घरामागे खाडी होती, पण तिच्याकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. खाडी म्हणजे वास आणि डास, एवढंच त्यांचं मत.

रिटायर झाल्यावर सोसायटीतल्या लोकांनी त्यांना ओढूनच ऐरोलीला नेलं, फ्लेमिंगो बघायला. होडीतून परत आले ते नाक-कान उन्हानं लाल करून. बायकोला, नंदाला म्हणाले, "अगं, हजारो पक्षी! आपल्या घरामागं! आणि मी तीस-पस्तीस वर्षं खिडकी लावून झोपलो." तिथून जे सुरू झालं ते थांबेना. कर्नाळ्याचं अभयारण्य झालं, केळव्याचा किनारा झाला, अर्नाळा झाला. एसटीनं जायचं, नंदानं बांधलेली भाकरी-चटणी झाडाखाली बसून खायची आणि मावळतीला परत फिरायचं. नंदाला वाटलं होतं, नाद आहे, उतरेल. पण हळूहळू तिलाही गोडी लागली. लग्नानंतर एवढी वर्षं ती जिथं गेली ती कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला.

एवढं फिरणारा माणूस एका ठिकाणी मात्र पाऊल टाकत नसे. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे कोपरी. तिथं त्यांची एकुलती एक मुलगी अक्षदा राहायची. तिनं कोपरीच्या कोळीवाड्यातल्या भावेशशी लग्न केलं, आणि तेव्हापासून मारुतरावांनी तिचं नाव टाकलं होतं. मुलगा जातीचा नाही, त्यात टुरिस्टची गाडी चालवतो, यावर घरात जी भांडणं झाली ती अख्ख्या मजल्यानं ऐकली होती. लग्नाला ते गेले नाहीत. नात झाली, सान्वी, तरी गेले नाहीत. नंदा भाजी आणायच्या निमित्तानं स्टेशनाजवळ लेकीला भेटायची, नातीचा पापा घ्यायची आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवायची. मारुतराव कधी विचारत नसत, एवढा वेळ का लागला म्हणून.

गेल्या जानेवारीत दोघं फणसाडच्या जंगलात गेले होते. सकाळी शेकरू दिसलं, एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना. मारुतराव पोरासारखे खूश झाले. दुपारी जवळच काशीदच्या किनाऱ्यावर उतरले, आणि कधी नव्हे ते म्हणाले, "आज मी पाण्यात जाणार."

"अहो, गुडघ्याच्या वर जाऊ नका," नंदा ओरडली.

ते कमरेपर्यंत गेले. एक लाट आली ती थेट डोक्यावरून. नंदा वाळूतून धावत सुटली. तेवढ्यात मारुतराव पाण्यातून उठले, खोकले, आणि आपल्या पायांनी चालत बाहेर आले. तिच्या जिवात जीव आला. तिनं टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी तोंड पुसलं, समुद्राकडे पाहिलं आणि विचारलं, "नंदा, आपण इथं कसे आलो?"

"कसे म्हणजे? एसटीनं. चेष्टा पुरे झाली."

"हे कुठलं गाव?"

"काशीद. आत्ता फणसाड बघून आलो ना?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग आजूबाजूला बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ओला टॉवेल घाईघाईनं नाकातोंडावर धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, एकानंही मास्क लावलेला नाही! एवढी गर्दी! पोलीस कसे काय सोडतायत? तुझा मास्क कुठंय?"

चेष्टा करणाऱ्याचे डोळे असे नसतात. ते खरोखर घाबरले होते.

"अहो, तो कोरोना संपला कधीच."

"संपला? कधी?" आणि लगेच, "नंदा, आपण इथं कसे आलो?"

तोच प्रश्न, तोच सूर. तिनं उत्तर दिलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि घोटभर पाणी पिऊन पुन्हा तेच विचारलं. आपलं नाव त्यांना माहीत होतं, ती कोण हे माहीत होतं, पण उद्या त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. शहाळी विकणारी बाई उठून जवळ आली. "डोक्याला मार लागलाय का हो दादांना?" म्हणाली आणि रिक्षा बोलवायला धावली.

रिक्षाची वाट बघत दोघं वाळूवर बसले होते तेव्हा मारुतराव एकदम म्हणाले, "अक्षदा कुठंय? तिला एकटीला ठेवून आलीस का घरी?"

चार वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. नंदाला कानांवर विश्वास बसेना. भानावर नसलेल्या माणसाला खोटं सांगावं की खरं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती खरं बोलून गेली.

"तिचं लग्न झालं हो. चार वर्षं झाली."

मारुतरावांचा टॉवेल हातातून गळला. "लग्न? माझ्या पोरीचं? आणि मला बोलावलं नाही?"

"बोलावलं होतं. तुम्ही आला नाहीत."

"मी?" त्यांचे डोळे भरून आले. "मी येणार नाही? अक्षीच्या लग्नाला? येडी का तू?"

ज्या माणसानं लग्नपत्रिका न वाचता फाडली होती, तोच माणूस समोर बसून रडत होता. हा रडणाराही खोटं बोलत नव्हता. मग मारुतरावांनी डोळे पुसले, समुद्राकडे पाहिलं आणि विचारलं, "नंदा, आपण इथं कसे आलो? अक्षदा कुठंय?"

ते सगळं पुसलं गेलं होतं. पण खरं पुन्हा सांगायचं म्हणजे तोच घाव नव्यानं घालायचा. त्याला तिचा हात उचलेना. "येतेय ती," म्हणाली आणि तिनं लेकीला फोन लावला.

"अक्षे, पप्पांना काहीतरी झालंय. आम्ही काशीदला आहोत. ते तुलाच विचारतायत."

"मला?"

मारुतरावांनी फोन हिसकावूनच घेतला. "अक्षे, जेवलीस का? दार नीट लाव. कुणालाही उघडू नकोस, आम्ही येतोच." पलीकडून आवाज नाही. "अगं बोल ना! नेटवर्क नाय वाटतं," म्हणत त्यांनी फोन परत दिला. नंदानं तो कानाला लावला. अक्षदा हुंदके देत होती, आणि मागे भावेशचा आवाज येत होता, "चल, चल, मी गाडी काढतो."

अलिबागच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो स्वच्छ निघाला. तरुण डॉक्टरीणबाई नंदाला म्हणाल्या, "घाबरू नका. झटका नाहीये हा. क्वचित असं होतं. थंड पाण्यात गेल्यावर, दमल्यावर मेंदू काही तास नवीन काही साठवायचं थांबतो, मागचंही काही दिसेनासं होतं. संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर." नंदानं हात जोडले. ताळ्यावर आल्यावर काय, हे डॉक्टरीणबाईंना कुठं ठाऊक होतं?

अक्षदा पोचली तेव्हा मारुतरावांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. बारीक झालीस म्हणाले. केस का कापलेस विचारलं, दहा वेळा विचारलं. ती दहाही वेळा म्हणाली, "गळत होते, पप्पा." भावेश दाराबाहेरच थांबला होता.

उन्हं कलली तसे प्रश्न विरळ झाले. मग थांबलेच. मारुतरावांनी छताकडे पाहिलं, सलाइनकडे पाहिलं, आणि शेवटी आपल्या हातातल्या हाताकडे. चेहरा ताठ होत गेला. नंदानं ओळखलं, परत आले.

त्यांनी हात काढून घेतला. "हिला कुणी बोलावलं?"

अक्षदा उठून उभी राहिली. पण नंदा आज गप्प बसणार नव्हती. "तुम्ही," ती म्हणाली.

"मी नाही."

"तुम्हीच. अक्षीच्या लग्नाला मी येणार नाही असं होईल का, म्हणून मला येडी म्हणालात. रडलात. सगळा किनारा बघत होता. ती शहाळीवाली पण."

मारुतराव लेकीकडे बघत राहिले. तिनं हो म्हणून मान हलवली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि पांघरुणाखाली त्यांचा खांदा हलत होता.

परतीला चौघं भावेशच्या गाडीत बसले. पनवेल गेलं, शीळफाटा गेला. कळव्याला सोसायटीपाशी गाडी थांबली. नंदा उतरली. मारुतराव दाराच्या कडीवर हात ठेवून बसून राहिले.

"पोर कुणाकडे ठेवलीय?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"माझ्या आईकडे," भावेश म्हणाला.

"जेवली असेल ना?"

"हो."

"हां," म्हणाले आणि उतरले.

ती दुपार त्यांना पुढे कधीच आठवली नाही. लाट आठवते, आणि नंतर एकदम छत. मधलं कोरं. त्यानं ते फार हादरले होते. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "नंदा, तिथं बोलत होता तो मीच होतो का गं?"

"आवाज तर तुमचाच होता."

होळीच्या आदल्या रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. नंदानं विचारलं, "कुठला किनारा आज?" तर म्हणाले, "पूल ओलांडून जायचंय."

कोळीवाड्यातल्या घरात ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. जावयाशी अजून नीट बोलणं नव्हतं, त्याच्या गाडीच्या टायरची तेवढी चौकशी केली. अक्षदा पाणी घेऊन आली, तिच्या पदराआडून सान्वीनं एक डोळा काढून पाहिलं. भावेशची आई जनाबाई आतून हात पुसत आली आणि ठसक्यात म्हणाली, "पावनं, आमचे घरान आज बोंबील शिजतंय. चालंल ना?"

मारुतरावांनी आयुष्यात बोंबील तोंडात घातला नव्हता. त्यांनी एकदा नंदाकडे पाहिलं, एकदा त्या एका डोळ्याकडे.

"वाढा," ते म्हणाले.