बंद व्हॉल्व्ह आणि भरलेला कूलर

मागच्या आठवड्यात या ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं — "पहिल्यांदाच फ्लॅट घेऊन भाड्याने देतोय, काय काय बघू?" खाली उत्तरंच उत्तरं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, मीटर वेगळं आहे का बघा, भिंतीला ओल आहे का बघा. सगळं बरोबर आहे हो! मी तेवढं सगळं केलं होतं. पण नुसत्या टाइल्स आणि भिंती बघत बसू नका. त्या बिल्डिंगचा सेक्रेटरी कोण आहे, ते आधी बघा. गच्चीची किल्ली कोणाच्या खिशात असते, ते विचारा. माझ्याबरोबर जे झालं ते आठवलं की अजून संताप होतो.

आधीच सांगते, खाली जे लिहिलंय तसल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून भूत, करणी, चमत्कार यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेली. पोरांनी रीडिंग न घेता जर्नलमध्ये मनचे आकडे ठोकले की मी ते पान फाडायची. तेव्हा 'भास झाला असेल ताई' असली कमेंट कृपा करून टाकू नका.

रिटायर झाल्यावर धंतोलीत वन बीएचके घेतला. तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. पुऱ्या विदर्भातून पेशंट येतात, ट्रीटमेंट लांबते, लॉज परवडत नाही. म्हटलं, आपण अशाच लोकांना देऊ. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर नवा कूलर बसवला, खसच्या गवताच्या ताट्या लावल्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय खोली देणं म्हणजे माणसाला तव्यावर झोपवणं. कूलरला नळाचं कनेक्शन मात्र दिलं नव्हतं. बादलीने पाणी टाकायचं, जसं अर्ध्या नागपुरात टाकतात.

कुही तालुक्यातले दौलतभाऊ आणि त्यांची बायको विमल राहायला आले. धानाची शेती, मुलगी सासरी. विमलला कॅन्सर, रेडिएशन सुरू होतं. ते त्याला 'शेक' म्हणायचे. रोज जावं लागायचं, मध्ये खंड पडून चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गळ्याची कातडी भाजल्यासारखी लाल झालेली. उन्हाची झळ लागली की बिचारी कण्हायची.

ते आले आणि सेक्रेटरीचा फोन.

"मॅडम, पेशंट लोक नका ठेवू. रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे, लहान मुलं आहेत."

"कॅन्सर काय सर्दी आहे का हो, उडून लागायला?"

"तसं नाही... पण वातावरण खराब होतं. भाव पडतात आपल्या फ्लॅटचे."

म्हणजे खरं दुखणं हे! याच माणसाने मी फ्लॅट घेतला तेव्हा माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, "लिफ्टमध्ये तुमचा कुत्रा चालतो, आजारी बाई नाही चालत? ॲग्रीमेंट झालंय. ट्रीटमेंट संपेपर्यंत ते हलणार नाहीत." आणि फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

काही दिवसांनी भर दुपारी मी तिकडे गेले. बाहेर अंगाची लाही होत होती, खोली मात्र गार. विमलला झोप लागली होती. हात धुवायला मी किचनचा नळ सोडला, तर नुसती हवा. बाथरूममध्येही तेच.

"दौलतभाऊ, नळाला पाणी नाही?"

"नाही जी. झाले काही दिवस."

"मग करता काय?"

"प्याचं दवाखान्यातून कॅनमधी आणतो. आंघोळ, भांडे... हे हाय ना." त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं.

"आणि कूलरमध्ये पाणी कोण टाकतं?"

"कोणीच नाही. गावच्या कूलरमधी दिवसातून दोन खेपा टाका लागते. हे भरूनच राहते. म्या समजलो, तुम्हीच काही करून ठेवलं."

मी कूलरची बाजूची ताटी काढली. टाकी काठोकाठ. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. चारही बाजूंनी हात फिरवला, पाइप नाही, काही नाही. तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलच्या आत. दिवसभर कूलर चालतोय, वरून हे लोक बादल्या काढताहेत, नळ कोरडा, आणि टाकी भरलेली. डोकं चालेना.

पण आधी नळ. गच्चीवरच्या टाकीखाली प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह आहे. वर गेले तर गच्चीला कुलूप. शेजारच्या फ्लॅटमध्ये कपडे धुतल्याचा आवाज येत होता, म्हणजे पाणी फक्त आमचंच बंद! सेक्रेटरीच्या दारावर अशी थाप मारली की पूर्ण मजला बाहेर आला.

"रिपेअरिंग आहे," तो म्हणाला.

"माझ्या एकटीच्या पाइपाचं?"

"मॅडम, उलट मीच तुम्हाला विचारणार होतो. व्हॉल्व्ह बंद, तरी तुमचा कूलर दिवसभर चालतो. पाणी चोरता कुठून?"

ऐका! पाणी याने तोडलं आणि चोर मी. याने प्लंबरही बोलावून ठेवला होता, सलीमभाई. बिचारा सज्जन माणूस. कमिटीचे आणखी दोन जण घेऊन ही वरात माझ्या फ्लॅटमध्ये घुसली. दौलतभाऊ पाण्याचा कॅन आणायला दवाखान्यात गेलेले, आत आजारी बाई एकटी झोपली आहे, चपला तरी काढाव्या की नाही!

सलीमभाईने कूलर बंद केला आणि टाकीचं बूच काढलं. सगळं पाणी खाली पार्किंगमध्ये गेलं. मग फडक्याने तळ पुसून घेतला. "खाली है," म्हणाला. मी स्वतः हात घालून बघितलं. कोरडी ठणठणीत.

मग सुरू झालं भांडण. ते नियम सांगतात, मी कायदा सांगते. खोली तापायला लागली. तेवढ्यात विमलचा बारीक आवाज आला, "ताई... कूलर लावा ना वं. अंग जळून राहिलं."

त्या आवाजाने माझं डोकंच फिरलं. पाणी नाही तर नाही, वारा तरी लागेल म्हणून रागारागात बटण दाबलं.

पंखा फिरला. आणि ताट्यांवरून पाणी ओघळायला लागलं.

सलीमभाई वाकला. मीही वाकले. टाकी भरलेली होती. बूच अजून त्याच्या हातात होतं, खालचं छिद्र उघडं... आणि त्यातून थेंबही पडत नव्हता. त्याने छिद्रात बोट घातलं, बोट ओलं करून बाहेर काढलं. "पानी ठहरा हुआ है, मॅडम," एवढंच बोलला. बूच खिडकीत ठेवलं आणि आपली हत्यारांची पिशवी तिथेच टाकून निघून गेला.

आता तुम्हाला वाटेल सेक्रेटरी घाबरला, पाया पडला. कशाचं काय! असं काही समोर घडल्यावर माणूस हात जोडतो, निदान गप्प तरी बसतो. हा म्हणतो, "काहीतरी ट्रिक आहे. मीटिंगमध्ये घेऊ हा विषय." बाई समोर कण्हतेय, बुडाला छिद्र असलेल्या टाकीत पाणी उभं आहे, आणि या गृहस्थाला मीटिंग घ्यायची आहे! व्हॉल्व्ह उघडतो असं त्याच्या तोंडून निघालं नाही.

मग मी सलीमभाईच्या पिशवीतून मोठा पाना काढला, गच्चीवर गेले आणि कुलूप तोडलं. हो, तोडलं. या वयात. ज्याला तक्रार करायची असेल त्याने खुशाल करावी. व्हॉल्व्ह सोडला. खाली आले तर किचनचा नळ खाकरत खाकरत वाहायला लागला होता.

आणि बूच लावायला कूलरपाशी गेले, तर टाकी रिकामी. तेव्हापासून तो कूलर चारचौघांच्या कूलरसारखा. बादलीने भरावा लागतो, संध्याकाळपर्यंत तळाला जातो. नंतर मी मुद्दाम बूच काढून बघितलं, कितीतरी वेळा. धो धो वाहून जातं. हवेचा दाब, गाळ, काय काय विचार करून झाला. उघड्या छिद्रातलं पाणी थांबेलही एखाद्या कारणाने, पण ते आलं कुठून? लॅबमधल्या जुन्या सरांना विचारलं, ते हसले. मला आजही उत्तर माहीत नाही, आणि खोटं उत्तर मी देणार नाही.

विमलचे शेक पूर्ण झाले. आपल्या पायांनी जिना उतरून रिक्षात बसली ती. दौलतभाऊ किल्ली द्यायला मागे थांबले, तेव्हा मी त्यांच्यावरही चिडले. "नळ बंद झाला त्याच दिवशी मला फोन काहून नाही केला? नंबर होता ना?"

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "आम्हाले वाटलं, तुम्हीच बंद केलं. याच्या आधीच्या घरमालकानं असंच केलं होतं. आधी पाणी तोडलं, मंग लाइट, मंग सामान बाहेर. म्हटलं, बोललो तं जा म्हणतीन. शेक तं अर्धेच झाले होते."

मी विचारलं, "आणि कूलर?"

"ते म्हटलं, तुमच्या मनात दया आली असन. नळ तोडला, पण आजारी बाईसाठी कूलर भरून ठेवून राहिल्या. विमल रोज तुमचं नाव घेत होती, ताई."

मी अक्षरशः ओरडले, "अहो, मी नाही! नळ मी तोडला नाही, आणि कूलरही मी भरला नाही!"

नळाचं त्यांना पटलं. कूलरचं नाही पटलं. "असू द्या," म्हणाले, पिशवी खांद्यावर टाकली, मला हात जोडले आणि उतरून गेले.