तिच्या गाडीची मागची काच

मित्रांनो, दुपारपासून डोकं जागेवर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी जालन्यात चाचांच्या दुकानात गाड्यांच्या काचांना फिल्म लावतो. आज एक गाडी आल्ती, मागची काच पार गोल. गाडी घेऊन तिचे वडील आल्ते, कॉलेजात जिच्यावर माझा जीव होता तिचे. मी त्यांना ओळखतो, ते मला न्हाई.

"बराबर लाव बाबा. लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा सासरी चालली, पार पुण्याला. मागं बसून तिला ऊन सोसत न्हाई."

तिचं लग्न झाल्याचं मला असं कळलं.

गोल काचेवर फिल्म सरळ बसत न्हाई. आधी बाहेरून अंथरून एकेक सुरकुती गरम हवेनं हळूहळू बसवावी लागते. माझा सगळा राग हातात उतरला. हीट गन एकाच जागी धरली अन् फिल्म करपली.

चाचा ओरडले, "गन हटा दीवाने! कांच तडकेंगी!"

करपलेली फिल्म ओढून फेकली. वाटलं, दुसरी मुद्दाम कच्ची लावावी, येऊ दे फुगे. मंग आठवलं, कॉलेजच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली की ओढणी डोळ्यांवर घ्यायची.

दुसरी फिल्म मी एकट्यानं लावली. चाचांना हात लावू दिला न्हाई. एकबी सुरकुती ठेवली न्हाई.

वडील मागच्या सीटवर बसून बघून आले. खुश होऊन म्हणले, "झकास! नाव काय रे तुझं?"

मी खोटंच नाव सांगितलं. घरी तिच्यासमोर माझं नाव निघायला नको.

बराबर केलं ना मी?