अठरावी गोळी

शैलेंद्र बोकारेसारखा सावकाश माणूस अमेरिकेत, रेडमंडमध्ये, सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीस वर्षं नोकरी टिकवून राहिला, हेच मुळात नवल. गाडी लॉक केली की नाही हे बघायला तो अर्ध्या वाटेवरून परत जातो. ऑफिसात दर रिव्ह्यूला तेच ऐकतो, "काम छान आहे, पण स्पीड वाढव." हा मान डोलावतो आणि पुन्हा आपल्याच चालीनं चालतो. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत या नागपूरकरानं बंदुकीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पडल्यावर मात्र असा नाद लावून घेतला की सांगायची सोय नाही.

नाद कसला, तर हजार यार्डांवरच्या निशाण्याचा. म्हणजे एका किलोमीटरपेक्षा थोडंच कमी. चटईवर पालथं पडायचं, दुर्बिणीतून बघायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि श्वास सोडता सोडता चाप ओढायचा. बाकीची मंडळी यासाठी चांगल्या गाडीच्या किमतीची रायफल आणतात. शैलेंद्रनं चौदा महिने एकेक भाग जमवून गॅरेजमध्ये स्वतः जोडली. सेलमधली नळी, कुणाची तरी वापरलेली दुर्बीण आणि लाकडी दस्ता तर दोन रंगांचा. जोडून झाल्यावर जाणकार कारागिराकडून तपासून घेतली, तेही दोनदा. क्लबातले लोक तिला प्रेमानं भंगार म्हणायचे. पण भंगार नेम सोडत नव्हती, त्याला कोण काय करणार?

त्याच्या बायकोला, अहिल्याला, हा सगळा प्रकार मनापासून नावडता. ती फार्मसीत काम करते, दिवसभर औषधं मोजते. नवरा काडतुसंही घरीच भरतो, एकेका पितळी पुंगळीत बंदुकीची पावडर तोलून, हे कळलं तेव्हा तिनं एकच अट घातली. "आमच्याकडे डोस मोजताना कोणी फोन घेत नाही. तूही घ्यायचा नाही. एक चूक झाली की रायफल घराबाहेर." शैलेंद्रनं कबूल केलं. यात अवघड काय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

सप्टेंबरातला रविवार. डोंगर ओलांडून पूर्वेला, एलेन्सबर्गच्या पुढे, क्लबची वर्षातली शेवटची मॅच. वीस गोळ्या, बावीस मिनिटं. पहिले चार जण क्लबच्या टीममध्ये जाणार, आणि सतरा गोळ्या झाल्या तेव्हा शैलेंद्र चौथा होता. पाच वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता. अहिल्या आज पहिल्यांदाच बघायला आली होती. मागे घडीच्या खुर्चीवर, कानांवर मोठे मफ लावून, मांडीवर चहाचा थर्मास धरून बसली होती.

अठरावी गोळी. शैलेंद्रनं चाप ओढला, आणि नेमकं त्याच क्षणाला शेजारच्या चटईवरच्या माणसानंही ओढला. मोठा आवाज झाला, पण कोणाचा? खांद्याला धक्का जाणवला तो जेमतेम, की तेवढाही नाही? त्यानं बाजूच्या टॅबलेटकडे बघितलं. गोळी लागली की तिथे ठिपका उमटतो. ठिपका नव्हता.

शेजाऱ्याच्या वीस गोळ्या संपल्या होत्या. तो कोपरावर टेकून हळूच म्हणाला, "वारा घेऊन गेला रे. मार पुढची, वेळ जातोय."

घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद उरले होते. ही गोळी शून्य धरली तरी दोन बऱ्या गोळ्यांत चौथा नंबर टिकत होता. शैलेंद्रनं बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढला, रिकामी पुंगळी बाहेर आली. एकोणिसावं काडतूस त्यानं आत ठेवलं, बोल्ट पुढे सरकवायला लागला, आणि अर्ध्यावर हात थांबला.

धक्का बसला होता का? आठवेना. काही सेकंदांपूर्वीची गोष्ट, आणि आठवेना. पुंगळीत पावडरच नसेल तर नुसत्या ठिणगीच्या जोरावर गोळी जरा पुढे सरकते आणि नळीत अडकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुटते, आणि नळीच्या मागे आपला गाल असतो. हे त्याला पाठ होतं. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि ती जास्त वाईट होती.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. संध्याकाळी ऑफिसच्या पुण्यातल्या टीमचा, त्यांच्या सोमवार सकाळचा कॉल. रिलीज अडकलं होतं, सगळे भांडत होते. त्यानं फोन स्पीकरवर फळीवर ठेवला आणि पावडर भरत राहिला. अहिल्यानं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "फोन बंद आहे ना?" आणि तो "हो" म्हणाला होता. भरून झाल्यावर टॉर्च लावून प्रत्येक पुंगळीत डोकावायची त्याची सवय. त्या दिवशी डोकावला होता का? तेही आठवेना.

एक मिनिट चाळीस.

मारली तर कोणाला काही कळणार नव्हतं. नळी मोकळी असली तर टीम पक्की, रायफल घरात, आणि फोनची गोष्ट जन्मभर पोटात. हात वर केला तर सगळंच बाहेर. टीम गेली, रायफल गेली, आणि बायकोच्या तोंडावर आपण खोटं बोललो हेही उघडं पडणार. आणि नळी मोकळीच निघाली तर? मग आपल्यासारखा मूर्ख आपणच. शेजारी पुन्हा म्हणाला, "अरे, मार ना."

शैलेंद्रला त्याचा राग आला. स्पीड वाढव म्हणणाऱ्या साहेबाचा आला, पुण्याच्या टीमचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. त्यानं बोल्ट मागे घेतला, काडतूस काढून चटईवर ठेवलं आणि हात वर केला.

नेमबाजीची रेंज सांभाळणारा डेल, सत्तरीचा शांत म्हातारा, चालत आला आणि गुडघ्यावर बसला. "काय झालं?"

"नळीत गोळी अडकली असावी. माझी चूक आहे."

डेलनं बोल्ट काढून घेतला आणि रायफल तशीच राहू दिली. वेळ संपला. टीम जाहीर झाली, त्यात शैलेंद्र नव्हता. मग सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या झाल्यावर डेलनं पुढून नळीत सफाईची सळई घातली. सळई सरकत गेली, सरकत गेली, आणि शेवटाला चार इंच राहिले असताना अडली. शेजारचा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. डेलनं सळईवर हळूहळू ठोकलं. पिवळी गोळी खाली कापडावर पडली, ती त्यानं उचलून शैलेंद्रच्या तळहातावर ठेवली.

अहिल्या शेजारीच येऊन उभी होती. मफ गळ्यात होते.

"त्या रविवारी फोन चालू होता," शैलेंद्र म्हणाला. "तू विचारलंस आणि मी खोटं बोललो."

तिनं त्याच्या तळहातावरची गोळी बोटानं फिरवून बघितली. "मग हात कशाला वर केलास? मला कळलं नसतं."

"कळलं असतं. फक्त मी सांगितलं नसतं, डेलनं येऊन सांगितलं असतं."

अहिल्याचे डोळे भरून आले, आणि मग ती भयंकर चिडली. मराठीत, भर रेंजवर, आजूबाजूची माणसं आपापले बूट न्याहाळत असताना, तिनं त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर तिनं हात पुढे केला. तिला रायफलच्या कपाटाची चावी हवी असणार असं समजून त्यानं मुकाट्यानं जुडगा काढला.

"चावी नको," अहिल्या म्हणाली. "फोन दे."

त्यानं दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. "उरलेली काडतुसं आजच उघडून रिकामी करायची. पुढची भरताना मी समोर बसणार. मोजणार तू, बघणार मी. पटत नसेल तर चावी काढ."

"पटतंय," तो म्हणाला.

परत येताना गाडी तिनं चालवली. नॉर्थ बेंड गावाजवळ पाऊस लागला, आणि पर्समधला फोन वाजायला लागला. पुण्यात सोमवार उजाडला होता. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. शैलेंद्र ती गोळी मुठीत धरून बसला होता. पर्स दोघांच्या मध्ये होती, हात पोचेल एवढ्या अंतरावर, पण त्यानं हात पुढे केला नाही.