येडेलिया

नव्या घरापुढच्या उतारावर पसरणारं काहीतरी लावायचं, हे माझ्या कामांच्या यादीत बरेच दिवस सर्वांत वर होतं. परभणीची काळी माती पावसाळ्यात चपलेला चिकटून थेट स्वयंपाकघरापर्यंत येते आणि उन्हाळ्यात धूळ होऊन खिडकीतून येते. नर्सरीवाल्याने वेडेलिया सुचवली. बारमाही हिरवी, पिवळी फुलं, जमिनीलगत पसरणारी. वीतभर अंतरावर रोपं लावली. पावसाळा संपता संपता उतार बराचसा झाकला.

त्याच सुमारास सासूबाई बोरीहून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. गावात एकट्या राहून बीपीची गोळी विसरायच्या, म्हणून त्यांनी कायमचं इथेच राहावं असा माझा हट्ट होता. पण त्यांचं मन लागेना. "मपलं काय काम हाय इथं?" हे रोजचंच.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर उतार उघडाबोडका. आत्या पायरीवर खुरपं धूत बसलेल्या, चेहरा कधी नव्हे एवढा खुललेला.

"लय तण माजलं होतं गं. तुला नोकरीतून कुठं येळ? समदं खुरपून टाकलं."

शेतात जन्म गेलेल्या बाईला जमिनीवर न पेरता पसरलेलं ते तणच. मागून आलेल्या नवऱ्याला हसू आवरेना.

"आई, विकत आणलं होतं ते!"

"तण इकत? नाव काय म्हणं त्याचं?"

"वेडेलिया."

"येडेलिया! मंग बराबर हाय. घेणारेबी तसलेच."

हसल्या खऱ्या, पण रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठल्या. सकाळी पिशवी भरून तयार. "नुस्कान करायला कशाला ऱ्हाऊ? बसमधी बसवून दे."

मी त्यांना कुंपणापाशी नेलं. उपटलेल्या वेलींचा ढीग तिथेच होता, अजून हिरवागार.

"जायचं तर जा आत्या, पण आधी हे लावून द्या. मला सुट्टी नाही."

त्यांनी एक वेल उचलून निरखली. "आगं, पेरापेराला मुळ्या हायेत की! हे मरतंय व्हय?" पदर खोचला आणि बसल्याच. दुपारपर्यंत उतार पुन्हा लावून झाला. बस गेली.

संक्रांतीपर्यंत वेडेलिया उतार ओलांडून वाटेवर आली, शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरली. आत्या एकदिवसाआड कड कापतात, शेजारणीला कांड्या देतात, वर दम भरतात, "लावशील तर राखावं लागल."

परवा नवऱ्याने मुद्दाम विचारलं, "आई, बोरीला कधी सोडू?"

"मी गेले की हे घरात घुसल. बायको तुझी ऑफिसात, तू मोबाईलात. कोन अडवल त्याला?"

मी त्याच दिवशी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला. त्यांनी आपली लुगडी स्वतः लावली.