उस्तादांचा डावा पाय

आमचे ड्रायव्हर, उस्ताद, कानांनी गाडी चालवत. छिंदवाड्याच्या घाटात पुढचा ट्रक कण्हायला लागला की ते आमच्या जीपमध्ये बसूनच त्या ट्रकवाल्याला सांगत, "दुसरा गिअर टाक बाबू, आता दुसरा टाक!" त्याने उशीर केला की दाढ दुखावी तसा चेहरा करत. आमचं घर पांढुर्ण्याला, बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, संत्र्यांचा बगीचा सौंसरजवळ; मधला रस्ता उस्तादांच्याच मालकीचा आहे असं मला लहानपणी वाटे.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर बाबूजींना हौस आली. नागपूरच्या एका शेठजीची जुनी परदेशी गाडी त्यांनी घेतली. आठ सिलिंडरचं इंजिन, आमच्या गल्लीत वळणार नाही एवढी लांबी, आणि क्लच नावाची गोष्टच नाही. गिअर आपोआप पडत. उस्तादांनी वाकून पेडल पाहिले आणि बाबूजींकडे बघत तोंड वाकडं केलं. "एवढी ताकद, अन् मानसाच्या हाती काहीच नाही? कासरा बैलायच्या गळ्यात टाकून धुरकरी झोपते का, पाटील?"

पहिल्याच फेरीला रेल्वे फाटकापाशी वेग कमी करताना त्यांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. तिथे होता रुंद ब्रेक. गाडी जागीच खिळली आणि मागे बसलेल्या आत्याच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा उस्तादांच्या टोपीवर रिकामा झाला. "उस्ताद, सौंसरले नेऊन राह्यले का वर पाठवून राह्यले?" आत्या कडाडली. तेव्हापासून ते डावी चप्पल काढून पाय सीटवर घेत आणि अर्धी मांडी घालून ती अगडबंब गाडी हाकत. "काम नाही त्याले, बसू द्या," म्हणत. त्यांच्या लेखी जीप हीच गाडी. ही म्हणजे झोपाळा. बाबूजींचा हुकूम असेल तरच ते हिला हात लावत.

मग रामाकोन्याजवळ संत्र्यांनी भरलेली जीप उलटली. उस्ताद वाचले, पण डावा गुडघा कायमचा आखडला. क्लच आता जन्मात दाबता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. गाडी चालवण्याखेरीज या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. बाबूजी त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, "मोठी गाडी आहे ना, उस्ताद. तिले कुठी लागते डावा पाय?"

उस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मेहरबानी नोका करू, पाटील. लंगड्याले झोपाळा देऊन राह्यले तुमी."

नाइलाजाने बाबूजींनी मोहगावचा एक ड्रायव्हर ठेवला. उस्ताद कुबडी टेकत आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, येणं काही सुटलं नव्हतं. नव्या ड्रायव्हरचाही डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडे. गाडी गल्लीच्या तोंडाशी धाडकन थांबे, निघे, पुन्हा धाडकन थांबे. दर धक्क्याला उस्ताद डोळे मिटत. एके दुपारी मी कॉलेजातून त्याच गाडीने आले, तर ते कुबडी आपटत समोर उभे. "उतर खाली! मारून टाकशीन गाडीले!"

तो बिचारा उतरला. उस्ताद आत बसले. आखडलेला पाय पुढच्या लांब सीटमुळे माझ्या बाजूला सरळ पसरला. बाजारापर्यंत जाऊन आलो. एकही धक्का नाही. गिअर टाकायचा नसल्यामुळे त्यांचा एक हात मोकळा होता. त्या हाताने ते डोळे पुसत होते.

पुढे काही वर्षं त्यांनी ती गाडी अशीच चालवली, आणि तिला कोणी नावं ठेवली तर भांडायलाही उठत. शेवटी सुटे भाग मिळेनासे झाले आणि बाबूजींनी नागपूरच्या एका हौशी माणसाला ती देऊन टाकली. पोचवायला उस्तादच गेले, सोबत मी. नव्या मालकाने विचारलं, "चालवायला कशी आहे?"

उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला. "साहेब, लय गाड्या चालवल्या. समद्यायनं दोन पाय मांगितले. हिनं मले दुसरा पाय कधी मांगितलाच नाही."

चावी त्यांनी त्या माणसाच्या हातात दिली नाही, सीटवर ठेवली. बसने परतताना मीच रडत होते आणि ते मला समजावत होते. त्यानंतर त्यांनी कुठल्याही स्टिअरिंगला हात लावला नाही.